सतरा नंबरच्या कुलपामागचं शाठ्य

कारखान्यात कुणी निवृत्त व्हायचं ठरलं की पहिला निरोप ड्रॉइंग ऑफिसात जायचा. गुच्छवाला मागाहून, फोटोवाला मागाहून, आधी अक्षरकाका. कुलपांचा कारखाना तो, चारशे माणसं, तेव्हा वर्षाला दोन-तीन तरी निवृत्त व्हायचेच, आणि जाताना प्रत्येकाला स्टेजवर मानपत्र मिळायचं. जाड पिवळसर कागद, कडेनं दुहेरी रेघ आणि मध्ये काळ्याभोर शाईत मोत्यांसारखं अक्षर. मजकूर काकांचा, अक्षरही काकांचं. काकांचं खरं काम कुलपांची ड्रॉइंग काढण्याचं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर जे एकदा गेलं ते तिथंच राहिलं. बाकी सगळ्यांच्या तोंडी ते अक्षरकाका.

मानपत्रात खरं लिहायचं नसतं, हे काही कुणी शिकवावं लागत नाही. जो वॉचमन गेटवर घोरताना तीनदा सापडला होता, त्याला काकांनी 'सदैव दक्ष' करून टाकलं. ज्या स्टोअरकीपरनं उभ्या जन्मात मागितलेला स्क्रू पहिल्या दिवशी दिला नाही, तो 'उदार अंतःकरणाचा' झाला. ऐकताना त्याच्या बायकोनं डोळे पुसले, मग त्यानंही पुसले. यात कुणाचं काय बिघडलं? कुणाचं काही नाही. खोटं लिहायचं, पण मन लावून लिहायचं, असा काकांचा शिरस्ता होता, आणि त्यावर त्यांना झोपही छान लागायची.

मोठ्या साहेबांच्या मानपत्राची वेळ आली तेव्हा मात्र काकांचा हात अडला.

कारण सतरा नंबरचं कुलूप. ते कुलूप तुम्ही कुठंतरी पाहिलंही असेल. किल्ली आधी अर्धा फेरा उलटी फिरवायची, मग सुलटी, तेव्हा उघडतं. चोर पठ्ठ्या सुलटीच फिरवत बसतो आणि कुलूप आणखी आवळत जातं. कारखान्याला नाव मिळालं ते याच कुलपावर. आणि हे उलटं फिरवायचं डोक्यात आलं ते साहेबांच्या नव्हे, काकांच्या. आठ महिने ते घरी संध्याकाळी त्यावर बसत होते. नमुने बसवून बघायला दुसरी जागा नाही म्हणून बायकोच्या कपाटाच्या दारालाच त्यांनी चार भोकं पाडली होती. ती भोकं अजून तशीच आहेत. काकूंनी त्यांवर कधी स्टिकरही लावू दिला नाही.

ड्रॉइंगच्या कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. काढले अमुक, तपासले तमुक, मंजूर फलाणे. सतरा नंबरचा कागद काकांनी आपलं नाव 'काढले'पुढं लिहून मंजुरीला पाठवला आणि आठवड्यानं परत आला तेव्हा त्याच जागी साहेबांचं नाव होतं. काकांनी कागद खिडकीशी धरला. चौकटीतली तेवढी जागा पातळ झाली होती. ब्लेडनं शाई हळूच खरवडायची आणि वर नवीन लिहायचं, हे ड्रॉइंगवाल्यांचं रोजचंच काम, चूक दुरुस्त करायची तर तशीच करतात. साहेबांनी काकांना चूक समजून दुरुस्त केलं होतं. आणि गंमत बघा, खरवडलेलं उजेडात दिसतं, पण तिथं आधी काय होतं ते काही केल्या वाचता येत नाही.

त्याच दुपारी साहेब स्वतः ड्रॉइंग ऑफिसात आले. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय राजे, दमलात ना? अहो, नाव कुणाचंही असेना, कुलूप तर आपलंच ना?"

आणि काका म्हणाले, "हो साहेब, आपलंच."

हे 'हो साहेब' पुढं अकरा वर्षं काकांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. पेटंट साहेबांच्या नावावर झालं, पेपरात फोटो आला, साहेब वर चढले. पण माणूस असा लाघवी, की रागवायला जागाच ठेवायची नाही. रोज भेटले की "राजे, तब्येत कशी? वहिनी बऱ्या?" काका घरी येऊन धुमसायचे आणि काकू विचारायच्या, "तोंडावर बोललात का?"

"अगं, वेळ यावी लागते."

"अकरा वर्षांत एक वेळ सापडेना तुम्हाला? बसेस तरी इतक्या चुकत नाहीत कुणाच्या."

तर साहेब निवृत्त होणार, मानपत्र काकांनी लिहायचं, आणि त्यात सतरा नंबरचा उल्लेख हवाच, अशी वरून सूचना. काका दोन संध्याकाळ कोऱ्या कागदासमोर बसले. 'सतरा नंबरच्या कुलपाचे जनक' हे शब्द हातून उतरेनात. तिसऱ्या संध्याकाळी ते उठले आणि त्यांनी काकूंच्या वडिलांचा शब्दकोश खाली काढला. सासरे शाळामास्तर होते. मागं काही ठेवलं नाही, पण पाठ उसवलेला एक जाडजूड कोश ठेवला.

"काय शोधताय?" काकूंनी विचारलं.

"लबाडीला दुसरा शब्द. कुणाला न कळणारा."

लबाडी, कपट, फसवणूक, ठकबाजी, सगळे शब्द मेले ओळखीचे निघाले. वॉचमनलाही कळले असते. काका पानं उलटत 'श'पर्यंत आले आणि थांबले. 'शाठ्य. न. तोंडावर गोड बोलून केलेली लबाडी, कपट. (प्रचार विरळ.)'

काकांनी ते चारदा वाचलं. प्रचार विरळ, म्हणजे हा शब्द वापरतं कोण! तोंडावर गोड बोलून! हा शब्द नव्हताच, साहेबांचा पासपोर्ट साइज फोटो होता. आणि दिसायला किती खानदानी! औदार्य, चातुर्य, धैर्य यांच्या रांगेत उभा केला तर कुणी तिकीटसुद्धा विचारणार नाही. काकांनी तेच केलं. लिहिलं: 'औदार्य, चातुर्य, धैर्य हे गुण आपल्या ठायी आहेतच, परंतु ज्या सतरा नंबरच्या कुलपाने या कारखान्याचे नाव दूरवर नेले, त्या कुलपामागे आहे ते केवळ आपले शाठ्य.'

शाई वाळल्यावर त्यांनी काकूंना वाचून दाखवलं. काकू आधी पोट धरून हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "पण कळणार कुणाला?"

"कळायचंच नाही. तीच तर मजा आहे. चारशे माणसांसमोर खरं बोललं जाईल आणि साहेब हात जोडून ऐकतील."

"जे कुणाला कळलंच नाही ते बोललात असं कोण म्हणेल?" काकू म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या. काकांनी ते कानाआड केलं.

समारंभ झकास झाला. मानपत्र वाचायला टेलिफोनवरच्या ऑपरेटरबाई होत्या. त्यांचा आवाज खणखणीत, शिवाय अनोळखी शब्द आला की त्या तो मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, म्हणजे अडखळलो असं कुणाला वाटू नये. त्यांनी 'केवळ आपले' म्हणून दम घेतला, हात उंचावला आणि 'शाठ्य' असा काही म्हणाल्या की शेवटच्या रांगेतही टाळ्या पडल्या. साहेब गहिवरले. उत्तराच्या भाषणात म्हणाले, "काय शब्द काढलात हो राजे! पण मित्रहो, हे शाठ्य माझ्या एकट्याचं नाही. ते तुम्हा सर्वांचं आहे." पुन्हा टाळ्या. काका मागच्या खुर्चीत बसून गालातल्या गालात इतके हसले की शेजारच्या फिटरला वाटलं, यांची दाढ दुखतेय.

पंधरा दिवस काका हवेत होते. मग हवा जरा वेगळ्याच दिशेनं वाहू लागली.

पहिल्यांदा ऑपरेटरबाईंनीच सांगितलं. "काका, माझ्या लेकीच्या वाढदिवसाच्या कार्डावर मी लिहिलं, अशीच शाठ्यानं पुढं जा. तिच्या बाईंनाही आवडलं." काका म्हणाले, "वा, छान." दुसरं काय म्हणणार? मग युनियनच्या सेक्रेटरीनं मागण्यांच्या पत्रात 'कामगारांच्या शाठ्याची व्यवस्थापनाने कदर करावी' असं घातलं आणि व्यवस्थापनानं उलट उत्तर दिलं की व्यवस्थापनाला कामगारांच्या शाठ्याबद्दल कधीच शंका नव्हती. दोन्ही पत्रं नोटीस बोर्डावर शेजारी शेजारी लागली. येता-जाता ती काकांना दिसायची आणि मान खाली घालून ते पुढं जायचे.

साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्या होत्या. पस्तिशीच्या, हुशार, यंत्रांची नस न् नस माहीत. कामगारांशी हसून-बोलून राहणाऱ्या. त्यांच्या केबिनमध्ये जुन्या साहेबांच्या मानपत्राची मोठी प्रत फ्रेममध्ये होती. ती बघूनच त्यांना कल्पना सुचली. काकांना बोलावून म्हणाल्या, "काका, गेटच्या भिंतीवर आपलं एक घोषवाक्य हवं. 'शाठ्य हीच आमची ओळख.' तुमच्या अक्षरात. करणार ना?"

खरं सांगायची ती वेळ होती. काकांनी तोंड उघडलंही. पण मॅडम इतक्या कौतुकानं बघत होत्या, आणि शिवाय खरं सांगायचं म्हणजे कुठून कुठवर सांगायचं? साहेबांना शिवी घातली, तीही मानपत्रात, तीही चोरून? काका म्हणाले, "करतो की." आणि भर उन्हात शिडीवर चढून त्यांनी हातभर उंचीच्या अक्षरांत ते भिंतीवर रंगवलं. लोक थांबून बघत होते. अक्षर खरंच देखणं आलं होतं.

पुढं ते खोक्यांवर छापलं गेलं. 'तीन पिढ्यांचे शाठ्य, प्रत्येक कुलपात.' दोन महिन्यांनी कारखान्यात एक पत्र आलं. कुणी निवृत्त शिक्षक होते. लिहिलं होतं: 'आजवर अनेक कारखान्यांच्या जाहिराती वाचल्या, पण इतकी सरळ कबुली प्रथमच पाहिली. आपले कुलूप मी घेतले नाही. आपल्याविषयी आदर मात्र वाटला.'

मॅडमनी पत्र काकांपुढं धरलं. "कबुली म्हणजे? आणि आदर वाटला तर कुलूप का नाही घेतलं?"

काका घाईघाईनं म्हणाले, "म्हातारी माणसं, मॅडम. स्तुती करतानाही आढेवेढे घेतात. स्तुतीच आहे ती."

"असं होय," मॅडम म्हणाल्या आणि पत्र त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण अशी दोन वर्षं गेली, काकांच्या निवृत्तीला महिना उरला आणि मॅडमनी ड्रॉइंग ऑफिसात येऊन जाहीर केलं की सगळी जुनी ड्रॉइंग आता कंप्युटरवर चढवायची आहेत. "जुन्या कागदांवर नावं पुसट आहेत, काही चुकीचीही असतील. ज्यानं जे काढलं असेल त्यानं मला येऊन सांगा. चौकटीत त्याचंच नाव जाईल, आणि एकदा गेलं की कायमचं. मला कुणाचं श्रेय बुडवायचं नाही."

काकांना तर कानावर विश्वास बसेना. तेरा वर्षं! ज्या चौकटीसाठी जीव तुटत होता, तीच कुणीतरी हसत हसत पुढं करत होतं. बाकीचं काही नको होतं त्यांना, पेटंट नको, फोटो नको. 'काढले' या शब्दापुढं आपलं नाव एवढंच हवं होतं, आणि तेही निवृत्त होण्याआधी. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, तर काकू उठून कपाटाच्या भोकांवरून पदरानं धूळ पुसून आल्या. "उद्या सकाळी पहिल्यांदा तेच काम करा," म्हणाल्या. "आणि या वेळी 'हो मॅडम' करून परत येऊ नका."

सकाळी काका केबिनमध्ये गेले, हात मागं बांधून उभे राहिले आणि तेरा वर्षं घोकलेलं वाक्य म्हणाले, "मॅडम, सतरा नंबर मी काढलाय."

मॅडम गोंधळल्या. मग त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या फ्रेमकडं पाहिलं. "पण काका, सतरा नंबर तर मोठ्या साहेबांचा. तुम्हीच लिहिलंय की. 'त्या कुलपामागे आहे ते केवळ आपले शाठ्य.' केवळ, असं म्हटलंय. तुमचंच अक्षर आहे ना हे?"

होय हो, त्यांचंच अक्षर होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर नाकारता तरी आलं असतं. साहेबांनी ब्लेडनं खरवडलं त्याचा पुरावा उरला नव्हता, आणि काकांनी स्वतःविरुद्ध जो पुरावा दिला होता तो काचेच्या फ्रेममध्ये, दुहेरी रेघेत, मोत्यांसारख्या अक्षरात लटकत होता. एका शब्दाच्या भरवशावर त्यांनी अख्खं वाक्य साहेबांना बहाल केलं होतं.

मॅडमना दया आली असावी. "हे बघा, मोठ्या साहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या तर मी लगेच बदलते. त्यांच्याकडून आणा."

रविवारी काका साहेबांच्या घरी गेले. काकूंनी इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि दारातून म्हणाल्या, "गोड बोलायला जाऊ नका. सरळ मागा."

साहेबांनी स्वतः दार उघडलं. "अरे, राजे! या या! आज सूर्य कुठून उगवला?" नीटनेटका दिवाणखाना, खिडकीत कुंड्या, आणि समोरच्या भिंतीवर बरोब्बर मधोमध मानपत्र. साहेबांनी चहा स्वतः केला, साखर किती ते न विचारता दीड चमचा घातली. एवढं लक्षात होतं त्यांच्या. काकांनी कप खाली ठेवला आणि मागितलं. सरळ मागितलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. "साहेब, सतरा नंबर माझा आहे. तुम्हाला माहीत आहे. मॅडमना तसं लिहून द्या."

साहेब उठून आत गेले आणि एक शब्दकोश घेऊन आले. नवा होता. एका पानात निळी फीत होती. तो त्यांनी काकांच्या मांडीवर उघडून ठेवला. काकांना पान वाचायची गरज पडली नाही.

"कार्यक्रमाहून आलो त्याच संध्याकाळी," साहेब म्हणाले, "बूटसुद्धा न काढता बघितलं. वाटेत दुकान उघडं होतं, कोश घेऊनच घरी आलो. मला न येणारा शब्द माझ्याबद्दल कुणी वापरला की मला राहवत नाही, राजे."

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग... लावलात कशाला भिंतीवर?"

"अक्षर सुंदर आहे ना! पाहुणे विचारतात, शाठ्य म्हणजे काय हो? मी सांगतो, आमच्या अक्षरकाकांना विचारा, त्यांना नेमकं माहीत आहे." साहेब हसले. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून, तसाच, तेरा वर्षांपूर्वी ठेवला होता तसाच, म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही तोंडावर एकदा म्हणाला असतात ना, की साहेब, हे बरोबर नाही, तर मी तिथल्या तिथं तुमचं नाव परत घातलं असतं. आईशप्पथ. पण तुम्ही म्हणालात, हो साहेब."

हे खरं होतं की हेही शाठ्यच, ते काकांना आजतागायत कळलेलं नाही. त्यांना एवढंच कळलं की आपल्याला रडू येतंय, आणि ते साहेबांसमोर यायला नको.

"देतो ना लिहून," साहेब म्हणाले. "कागद घ्या. तुमच्याच अक्षरात लिहा, मी सही करतो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हं, लिहा. 'सतरा नंबरच्या कुलपामागे आहे ते केवळ आपल्या अक्षरकाकांचे शाठ्य.'"

काकांचं पेन थांबलं. "साहेब, दुसरा एखादा शब्द घालू या ना. मेहनत म्हणा. बुद्धी म्हणा."

"छे छे! माझ्यासाठी इतक्या प्रेमानं निवडलात, तुमच्यासाठी हलका शब्द कसा वापरू? आणि मॅडमच्या भिंतीवर तो शब्द माझ्या नावावर आहे. तोच तुमच्या नावावर केला तर त्यांना पटेल. नाहीतर राहू द्या." साहेबांनी चहाचे कप उचलले. घाई नव्हती त्यांना कसलीच.

काकांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. ते त्यांच्या हातून आयुष्यात कधी वाकडं आलंच नव्हतं. साहेबांनी खाली झोकदार सही ठोकली आणि दारापर्यंत सोडायला आले. "वहिनींना नमस्कार सांगा, राजे."

सोमवारी मॅडमनी पत्र वाचलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "बघा! किती मोठ्या मनाचा माणूस! आपलं श्रेय असं कोण देऊन टाकतं आजकाल?" त्यांनी लगेच सतरा नंबरचं ड्रॉइंग पडद्यावर उघडलं, कोपऱ्यातली चौकट मोठी केली, साहेबांचं नाव खोडलं आणि काकांचं खरं नाव, ते पगाराच्या कागदावरचं, विचारून विचारून एकेक अक्षर घातलं. काढले, आणि पुढं ते नाव. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. नाव तिथंच होतं. त्यांना मनापासून आनंद झाला, त्यात काही खोट नव्हती. तेवढी दोन मिनिटं तरी नव्हती.

"शेऱ्याचा रकाना आहे इथं," मॅडम म्हणाल्या. "साहेबांचं वाक्य त्यात टाकते. पण काका, खरं सांगू? मला हा शब्द अजून नीट कळलेला नाही. सगळे वापरतात म्हणून मीही वापरते. उद्या कुणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं. कंसात अर्थ टाकू या. शाठ्य म्हणजे नेमकं काय?" त्यांची नजर टेबलाच्या काचेखालच्या शिक्षकांच्या पत्राकडं गेली आणि परत काकांकडं आली. "खरं ते सांगा हं. तुमच्यावर सोडलंय मी."

पडद्यावर कंस उघडा होता आणि त्यात ती बारीक उभी रेघ लुकलुकत होती. वरच्या चौकटीत काकांचं नाव होतं. ते पुसायला ब्लेडही लागणार नव्हतं, एक बटण पुरेसं होतं. खिडकीबाहेर गेटच्या भिंतीवर त्यांनीच रंगवलेली हातभर अक्षरं दिसत होती. आणि समोर ही पोरगी, कुणाचं श्रेय बुडवायचं नाही म्हणणारी, विश्वासानं बोटं कीबोर्डवर ठेवून बसलेली. तेरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना खरं काय ते सरळ विचारत होतं.

काका हसले. इतकं गोड ते कधी हसले नव्हते.

"प्रामाणिकपणा," ते म्हणाले.

मॅडमनी टाइप केलं, कंस बंद केला आणि छापील प्रत काढून त्यांच्या हातात दिली.

घरी काकूंनी हात पुसून कागद घेतला. चौकटीतलं नाव त्यांनी बोटानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "आलं हो शेवटी," म्हणाल्या. कपाटाशी जाऊन त्यांनी कागद त्या चार भोकांवर धरून पाहिला, जणू इतकी वर्षं ती भोकं त्यासाठीच ठेवली होती. मग त्यांची नजर खाली शेऱ्याच्या रकान्यात गेली. त्यांनी वाक्य वाचलं. कंस वाचला. कागद भोकांवरून खाली घेतला.

"अगं, ऐक तरी," काका म्हणाले. "साहेबांनीच तसं..."

"कंसातलंही साहेबांनीच सांगितलं?"

काकूंनी वडिलांचा शब्दकोश खाली काढला, 'श'चं पान काढलं आणि काकांच्या टेबलावर, दिव्याखाली, त्यांच्यासमोर ठेवला.

"मग आमच्या अण्णांच्या कोशातही दुरुस्त करून टाका," त्या म्हणाल्या. "तुमच्या अक्षरात. म्हणजे सगळीकडं सारखं होईल."

आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. भांड्यांचा आवाज येईल म्हणून काका वाट बघत राहिले, पण तोही आला नाही. समोर अर्थ होता, छापील, काळा: तोंडावर गोड बोलून केलेली लबाडी. त्याला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. सासऱ्यांनी त्या शब्दापाशी कधीतरी पेन्सिलीनं बारीक खूण केली होती, तीही त्यांना आज पहिल्यांदाच दिसली.

मग त्यांनी खणातून ब्लेड काढलं आणि शेवटच्या कंसातलं 'प्रचार विरळ' तेवढं हळूच खरवडून टाकलं.